कर नाही त्याला डर कशाला?

गेल्या पावसाळ्यात आमच्या हिंडलग्यातील एका परिचित घरातील मुलाचा मोबाईल पोलिसांनी नेला. गल्लीत झालेल्या हाणामारीत तो आरोपी नव्हता. ती त्याने पाहिली होती, इतकाच त्याचा संबंध. ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेलेला मोबाईल चार महिन्यांनी परत आला. घरच्यांच्या हाती जो कागद पडला त्यावर एवढाच मजकूर होता : ‘काळ्या रंगाचा मोबाईल, काच तडकलेली, नग एक.’ संध्याकाळी फिरावयास निघणाऱ्या आम्हा निवृत्तांच्या मंडळीत हा विषय निघाला, तेव्हा बहुतेकांनी एकच म्हण पुढे केली : ‘कर नाही त्याला डर कशाला?’ वाचकांपैकीही अनेकांचे मत हेच असेल. ही म्हण या ठिकाणी पूर्णपणे गैरलागू आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरंभीच सांगतो, की मी पोलिसांचा द्वेष्टा नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या नागपूर येथील कार्यालयात धमकीचे दूरध्वनी आले आणि त्यांचा माग काढीत नागपूरचे पोलीस थेट आपल्या हिंडलगा कारागृहापर्यंत येऊन पोहोचले. त्या उंच भिंतींआडून कोणी मंत्र्याला धमकावत असेल, हे दूरध्वनीच्या नोंदींवाचून कोणाच्या स्वप्नातही आले नसते. तेव्हा तपासासाठी यंत्रातील माहिती घ्यावी की न घ्यावी, हा वादच नाही. वाद आहे तो ती कशी घ्यावी, याचा.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य महसूल खात्यात गेले. धान्याच्या गोदामावर छापा पडला, की पोती मोजली जात, नमुने काढले जात, लाखेची मोहोर लागे आणि दोन पंचांच्या सह्या होत. मी नवखा असताना या सोपस्कारांना कंटाळलो, तेव्हा माझे वरिष्ठ म्हणाले, ‘‘अरे, हा कागद चोरासाठी नाही, आपल्यासाठी आहे. उद्या एक पोते कमी भरले, तर लोक बोट कोणाकडे दाखवतील?’’ पंचनाम्याचे सारे मर्म या वाक्यात आहे. जे ताब्यात घेतले ते तसेच्या तसे राहिले, याची खात्री आरोपीला, न्यायाधीशाला आणि खुद्द अधिकाऱ्यालाही पटली पाहिजे.

आता मोबाईलचे पाहा. त्याची पुडी बांधून मोहोर लावली म्हणजे पोते शिवले, असे समजणे भाबडेपणाचे होईल. चालू असलेल्या यंत्रात नवा मजकूर येत राहतो. दुरून कोणी जुना पुसूही शकतो. म्हणूनच जप्त केलेले यंत्र लहरी अडविणाऱ्या विशेष पिशवीत ठेवावे लागते. शिवाय मोबाईल ही केवळ पेटी नव्हे, ती किल्लीही आहे. आपली पत्रे, छायाचित्रे, हिशेब हे सारे ‘क्लाउड’ म्हणजे दूरदेशीच्या कंपन्यांच्या संगणकांत साठविलेले असते. ते रीतसर मागवायचे, तर पोलिसांना कंपनीस नोटीस धाडावी लागते. पत्रांचा मजकूर अमेरिकेत असेल, तर बहुधा दोन सरकारांमधील कराराच्या लांबलचक वाटेने जावे लागते. उघडा मोबाईल हाती आला, की त्यातील नोंदींच्या आधारे हेच भांडार तपासयंत्राने थेट खेचून घेता येते. किल्ली हाती आहे म्हणून घरातील प्रत्येक खोली उघडण्याचा अधिकार मिळतो काय?

यावर उपाय नाही असे नाही. यंत्रातील सर्व मजकुराची हुबेहूब प्रत काढता येते आणि त्या प्रतीचे एक ‘हॅश मूल्य’, म्हणजे अंक व अक्षरांची एक ओळ, गणिताने निघते. मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ही ओळ बदलते. हीच आजची लाखेची मोहोर. ही ओळ पंचांसमक्ष लिहून तिची नक्कल यंत्राच्या मालकाला दिली, तर पुढे कोणी काही घातले वा काढले, हे उघडे पडेल. ‘काळ्या रंगाचा मोबाईल, नग एक’ या नोंदीत ती मोहोर कुठे आहे?

मोहोरेचे मोल काय, हे भीमा-कोरेगाव प्रकरणाने दाखविले. पुणे पोलिसांनी २०१८ च्या एप्रिलमध्ये रोना विल्सन यांचा संगणक जप्त केला व जूनमध्ये त्यांना अटक केली. पुराव्याची प्रत बचाव पक्षाला मिळाली, म्हणून ती अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेला तपासता आली. जप्तीपूर्वी सुमारे बावीस महिने त्या संगणकात परक्याचा शिरकाव होता आणि आक्षेपार्ह पत्रे बाहेरून पेरली गेली, असा निष्कर्ष तिने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. राष्ट्रीय तपास यंत्रणेला तो मान्य नाही. खरे काय, हे न्यायालय ठरवील. परंतु विल्सन यांना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये जामीन दिला, तेव्हा अटकेला साडेसहा वर्षे उलटली होती आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. जप्तीपूर्वीची पेरणी हॅश मूल्याने टळत नाही, हे खरे. पण जप्तीपूर्वी काय होते व नंतर काय झाले, यांमधील सीमारेषा तेवढी तीच आखते. आणि प्रत हाती नसती, तर हा प्रश्न विचारताच आला नसता.

कोणी म्हणेल, कायदाच नाही, तर पोलीस काय करणार? हे असत्य आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुनराव खोतकर यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की मूळ यंत्रच न्यायालयापुढे ठेवले नसेल, तर त्यातील नोंदीला कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. नव्या साक्ष अधिनियमातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्याचा रकानाच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे, पंचांच्या सह्यांसह, चित्रीकरण आवश्यक केले आहे. आणि आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाने तर १२ मार्च २०२१ रोजी, वीरेंद्र खन्ना यांच्या प्रकरणात, तपशीलवार कार्यपद्धती घालून दिली : तज्ज्ञ सोबत न्यावा, छायाचित्रे घ्यावीत, लहरी अडविणारी पिशवी वापरावी, एरवी झडतीसाठी न्यायालयाचे वॉरंट मिळवावे आणि खाजगी मजकूर त्रयस्थास दाखवू नये. संकेतशब्द देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, हे त्या निकालातील मत मला पटत नाही. बोटाचा ठसा शरीराचा असतो, संकेतशब्द मनातला असतो. तथापि त्या निकालाचे अर्धे जरी पालन झाले, तरी मी समाधान मानीन.

‘ठाण्यात माणसे नाहीत, प्रयोगशाळांत यंत्रांच्या राशी पडल्या आहेत,’ ही पोलिसांची अडचण खरी आहे. परंतु राशी वाढतात त्या साक्षीदारांचेही मोबाईल सरसकट उचलल्याने. हाणामारीच्या एका चित्रफितीसाठी चार महिने मोबाईल अडकवून ठेवण्याऐवजी तेवढ्याच चित्रफितीची प्रमाणित प्रत का घेऊ नये?

आता त्या म्हणीकडे येतो. मोबाईल एकट्याचा नसतो. त्या मुलाच्या मोबाईलमध्ये त्याच्या आईचे दवाखान्याचे कागद होते, बहिणीच्या लग्नाची बोलणी होती, वडिलांच्या बँकेचे संदेश होते. यांपैकी कोणी कोणता ‘कर’ केला होता? दरवर्षी १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी जमणाऱ्या आपल्या मंडळींना वेगळे सांगावयास नको, की सीमाभागात भाषेचे प्रश्न पोलिसांच्या नोंदवहीपर्यंत लवकर पोहोचतात. एका तरुणाच्या मोबाईलमध्ये शेकडोंची नावे व संभाषणे असतात. एका दगडाचा तपास करताना त्या शेकडोंची यादी कोणाच्या तरी हाती पडते. ती पुढे कोठे जाते, हे विचारण्यात गुन्हा कसला?

यात आपल्याकडची आणखी एक अडचण आहे. जप्तीचा कागद कन्नडमध्ये असतो. मी नोकरीमुळे कन्नड लिहितो-वाचतो; त्या भाषेबद्दल मला आदरच आहे. पण आपल्या जुन्या घरांतील कित्येक वडीलधाऱ्यांना ती वाचता येत नाही आणि तरी ते सही करून मोकळे होतात. न वाचलेल्या कागदावर सही करणारा पंच हा पंच नव्हे, तो केवळ अंगठा होय.

म्हणून माझे सांगणे एवढेच. मोबाईल नेला जात असेल, तर अडवू नका. परंतु तो कोणत्या गुन्ह्यासाठी नेला, हे लिहून मागा. यादीची नक्कल मागा. यंत्राचा क्रमांक तीत आहे ना, हे पाहा आणि हॅश मूल्य कधी व कोणासमक्ष काढणार, हे विचारा. कागद मराठीत समजावून दिल्याची नोंद त्यावर होईपर्यंत सही करू नका. आपल्या मंडळातील वकील मित्रांनी अशा अर्जाचा एक मराठी-कन्नड नमुना तयार केला, तर ते घरोघरी उपयोगी पडेल.

खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने ठरविले. ती याचिका करणारे के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच राज्याच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. २०१२ मध्ये ती दाखल केली, तेव्हा त्यांचे वय ८६ होते. त्यांनाही कोणी ‘कर नाही त्याला डर कशाला’ असे म्हटले असेल काय, ठाऊक नाही. आम्हा फिरावयास जाणाऱ्या निवृत्तांपैकी त्या वयाचे अद्याप कोणी नाही. तेव्हा वयाची सबब आम्हाला सांगता येणार नाही.