मुक्कामाचा हक्क

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे देशभरातील बंजारा बांधवांचे श्रद्धास्थान आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. रामनवमीला तांड्यातांड्यांवरून लाखो माणसे येतात. डोक्यावर चैत्राचे ऊन असते. कुणी पाल ठोकतो, कुणी झाडाखाली पथारी टाकतो, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली लेकरांना निजवतो. अशाच एका यात्रेत एक तरुण आमच्याशेजारी येऊन बसला. आम्ही 'जय सेवालाल' म्हटले, त्याने 'जयभीम' म्हटले. मुंबईत फरशी बसवण्याचे काम करतो म्हणाला. बोलता बोलता गेटवे ऑफ इंडियाचा विषय निघाला, त्याच्यासमोरच्या ताजमहाल हॉटेलचा निघाला. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "भाऊ, त्या ताजमंधी आपल्या माणसाले राहू देतात का?"

किती पैसे लागतात, असे त्याने विचारले नाही. राहू देतात का, असे विचारले! खिशात पैसे नाहीत हे त्याला ठाऊकच होते. त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. त्याची शंका पैशाच्या पलीकडची होती. ज्याच्या हातांनी मुंबईच्या इमारतींना फरशी बसवली, त्याला त्या फरशीवर पाहुणा म्हणून पाऊल ठेवण्याची मुभा आहे की नाही, याचीच खात्री नाही. प्रजासत्ताकाला पाऊणशे वर्षे उलटून गेल्यावर हा प्रश्न विचारला जातो, याची लाज त्या तरुणाला नव्हे, येथील व्यवस्थेला वाटली पाहिजे.

ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. जमशेटजी टाटांनी ते उभारले. त्याचा आराखडा करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हा मराठी माणूस होता. समोरचा गेटवे त्यानंतर दोन दशकांनी, १९२४ मध्ये, खुला झाला. राजेरजवाडे, व्हाइसरॉय, उद्योगपती, परदेशी पाहुणे असे सारे येथे उतरले. पहिल्या महायुद्धात याच इमारतीचे रुग्णालय झाले होते. हा इतिहास कुणी नाकारण्याचे कारण नाही.

या हॉटेलविषयी एक गोष्ट मात्र हमखास सांगितली जाते. काळा घोड्याजवळच्या गोऱ्यांच्या वॉटसन हॉटेलात जमशेटजींना प्रवेश नाकारला गेला, तो अपमान त्यांच्या जिव्हारी लागला आणि त्यांनी त्याहून देखणे हॉटेल उभे केले, अशी ती गोष्ट. तिला भक्कम पुरावा नाही, असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे. तरीही ती शाळेत, भाषणात, वर्तमानपत्रात वर्षानुवर्षे चालू आहे. का? कारण धनवंताचा अपमान आणि त्याला त्याने पैशाने दिलेले उत्तर, ही कथा प्रस्थापितांना मनापासून आवडते.

आता दुसरी हकीकत ऐका. हिला पुरावा आहे, कारण ज्याच्यावर ती गुदरली त्याने ती स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे. सप्टेंबर १९१७. कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. स्टेशनवर उतरताच पहिला प्रश्न : राहायचे कुठे? हिंदूंच्या खाणावळीत महाराला जागा नाही, हे ते जाणून होते. अखेर एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव धारण करून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले. तू कोण, असा जाब त्यांनी विचारला आणि संध्याकाळच्या आत जागा सोड, असे बजावले. बाबासाहेबांनी एका हिंदू मित्राला विचारले, एका ख्रिस्ती मित्राला विचारले. दोघांकडून नकारच आला. जगातील नामांकित विद्यापीठांत शिकून आलेला हा प्रज्ञावंत मुंबईची गाडी सुटेपर्यंत कामाठी बागेत बसून राहिला. त्याच्या डोळ्यांत अश्रू होते.

दोन अपमान, दोन उत्तरे. एकाचे उत्तर समुद्रकाठी दगडात उभे आहे. दुसऱ्याचे उत्तर कुठे आहे, हे आमच्या किती मुलांना ठाऊक आहे?

ते भारतीय संविधानात आहे. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड उघडून पाहावा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा येथे प्रवेश नाकारता येणार नाही. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांनाही तोच नियम. महाडचे चवदार तळे आणि बडोद्याचा पथिकाश्रम या एकाच खंडात शेजारी-शेजारी आले आहेत! देशाच्या घटनेत 'हॉटेल' हा शब्द ठळकपणे यावा, ही साधी बाब नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' या शब्दाच्या अर्थाविषयी सभासदांनी शंका काढल्या. बाबासाहेबांनी त्या शब्दाचा व्यापक अर्थ सांगितला : जो कोणी मोबदला घेऊन सेवा देतो तो त्यात येतो. ज्याला उपाहारगृहाच्या पायरीवरून परत फिरवले गेले, त्यालाच शब्दांच्या फटी कुठे राहतात हे कळते.

जगाकडेही पाहू. अमेरिकेत काळ्या माणसाला प्रवासात रात्रीचा निवारा मिळत नसे. कोणत्या गावी कोणत्या घरात त्याला आसरा मिळेल, हे सांगणारे 'ग्रीन बुक' नावाचे पुस्तक तेथे १९३६ पासून निघत होते. हॉटेलचे दार वर्णावरून बंद करणे तेथे देशभर बेकायदा ठरले ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने. म्हणजे बाबासाहेबांनी लिहिलेले कलम त्याआधी १४ वर्षे भारतात लागू झाले होते. १९६१ मध्ये जन्मलेले बराक ओबामा त्या कायद्याच्या वेळी तीन वर्षांचेही झाले नव्हते. नोव्हेंबर २०१० मध्ये ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून मुंबईत आले आणि ताजमध्ये उतरले. त्यांच्या स्वागताचे वर्णन करताना आमच्या वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. पण काळ्या माणसाच्या हॉटेलप्रवेशाचा इतिहास आणि अनुच्छेद १५ यांचे नाते सांगावे, असे किती जणांना सुचले?

आता त्या तरुणाच्या समाजाकडे येऊ. लदेणीच्या बैलांवर मीठ आणि धान्य लादून बंजाऱ्यांनी या देशाचा व्यापार चालवला, सैन्यांना रसद पुरवली. त्यांचा मुक्काम रोज नव्या जागी. रेल्वे आली, पक्के रस्ते आले आणि हा धंदा बुडाला. त्यावर इंग्रज सरकारने १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणला. ज्यांची नावे त्या यादीत गेली, त्यांना हजेरी द्यावी लागे, नेमून दिलेली हद्द सोडायची तर पास घ्यावा लागे. अनेक प्रांतांत बंजाऱ्यांचे गट या यादीत अडकले. रात्र कुठे काढली, हा ज्यांच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पोलिसांच्या चौकशीचा विषय होता, त्यांचा वंशज 'राहू देतात का' असेच विचारणार! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, माणसे 'विमुक्त' झाली. मनातली हजेरी मात्र अजून सुटलेली नाही.

कायद्याचे छत्रही धड एकसारखे नाही. बंजारा समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत आहे, तेलंगणात व आंध्रात अनुसूचित जमातीत आहे आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत आहे. गोरबोली एकच, देव एकच, आडनावे एकच. सीमा ओलांडली की हक्क बदलतात. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींना लागू आहे, म्हणून महाराष्ट्रातील बंजारा बांधवाला त्याचा आधार नाही. अनुच्छेद १५ मात्र सर्वांचे आहे. बाबासाहेब फक्त महारांचे, असे सांगत फिरणाऱ्यांनी हे एकदा तांड्यावर जाऊन सांगावे.

कुणी म्हणेल, वसंतराव नाईक बंजाराच होते. गहुलीच्या तांड्यावरचा मुलगा १९६३ पासून ११ वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला, मग आणखी काय हवे? नाईकसाहेबांच्या कर्तृत्वाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण एक माणूस राजवाड्यात राहिला म्हणजे तांड्याला निवारा मिळत नाही. लोकशाही एकाच्या मुक्कामावर मोजत नसतात.

आणि आता पैशाचे दार. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. ३० दिवस खाडा न करता राबले तर ९,३६० रुपये होतात. ताजमधील एका रात्रीला ते पुरायचे नाहीत. जातीचा फलक घटनेने उतरवला. त्याच खिळ्याला आता दरपत्रक टांगले आहे. त्यावर कुणाचीही जात लिहिलेली नसते, पण बाहेर कोण राहणार ते मात्र बरेचसे आधीच ठरलेले असते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिलेला इशारा हाच होता : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. त्या इशाऱ्याकडे पाठ फिरवणाऱ्यांनी देशाला मॉल दिले, मनोरे दिले; मजुराला पत्र्याची खोली दिली.

ही विषमता मरणातही सुटत नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी अतिरेक्यांनी मुंबईवर हल्ला केला. ताजमध्ये ३० हून अधिक माणसे गेली. तेथील कर्मचाऱ्यांनी जिवावर उदार होऊन पाहुण्यांना वाचवले, त्यांना आमचा सलाम. पण त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. गाडीची वाट पाहत गाठोड्यांवर बसलेली, गावाकडे निघालेली माणसे होती ती. दूरचित्रवाणीचे कॅमेरे तीन दिवस ताजच्या घुमटावर खिळून राहिले. फलाटावरच्या रक्ताला तेवढे चित्रण मिळाले नाही. ज्याचा मुक्काम फलाटावर, त्याचे मरणही फलाटावरच राहिले!

मग आम्ही काय करायचे? ताजमध्ये खोली मागायची का? ज्याला ऐपत येईल त्याने ताठ मानेने जावे, खोली घ्यावी, रजिस्टरवर आपले आडनाव ठळक अक्षरात लिहावे. बाबासाहेब धम्मदीक्षेसाठी नागपूरला आले तेव्हा सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले होते. १३ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी तेथेच पत्रकारांना बोलावले. बडोद्यात नाव लपवून राहावे लागलेला माणूस ३९ वर्षांनी स्वतःच्या नावाने हॉटेलात उतरतो आणि दुसऱ्या दिवशी लाखो माणसांना नवे जीवन देतो. हॉटेलचे दार उघडणे म्हणजे काय, ते येथे कळते.

पण चळवळीचे काम एकदोघांच्या खोलीवर भागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. त्याच महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. आमच्या महापुरुषांना मुक्कामाचे मोल पक्के ठाऊक होते. गरिबाचे पोर शहरात टिकले तर शिकते, आणि टिकायला आधी पाठ टेकायला जागा लागते. आमचे ऐतिहासिक हॉटेल कोणते, असे कुणी विचारले तर आम्ही वसतिगृहाकडे बोट दाखवू.

म्हणून मागण्या साध्या आहेत. विमुक्त-भटक्यांच्या मुलामुलींना मुंबई-पुण्यात पुरेशी वसतिगृहे द्या. घोषणा पुष्कळ झाल्या, खाटा मोजून दाखवा. बांधकाम मजुरांना कामाच्या जागी किंवा जवळ विनामूल्य राहण्याची सोय देण्याचे बंधन १९९६ च्या कायद्याने मालकावर घातले होते. कायद्यांची नावे बदलली म्हणून मजुराच्या डोक्यावरचे छप्पर उडता कामा नये. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. समाजाचा वारसा जपला जातो, ही चांगलीच गोष्ट. पण काचेच्या कपाटातील तांड्याला छप्पर आणि यात्रेत आलेल्या जिवंत तांड्याला ट्रॉलीची सावली, हे कसे चालेल? यात्रेकरू मायमाउलींना स्वच्छ निवास, पाणी आणि शौचालय ही दया नव्हे, तो त्यांचा हक्क आहे.

त्या तरुणाला आम्ही तेव्हा सांगितले ते येथे पुन्हा सांगतो. गड्या, राहू देतात. नाही दिले तर तो अपराध त्यांचा, कमीपणा तुझा नाही. तुझ्या मुक्कामाची पावती १९५० सालीच फाडून ठेवलेली आहे आणि ती फाडणारा माणूस एक संध्याकाळ बागेत रडत बसला होता. संविधानाची प्रत घरात आण. पंधरावे कलम लेकरांकडून मोठ्याने वाचून घे. मग शहरात जाताना तुझे लेकरू 'राहू देतात का' असे विचारणार नाही. सरळ आत जाईल आणि आपले नाव सांगेल.