टिनावर विटा ठेवून वादळ अडत नाही

एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात वादळी पाऊस झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातम्या ठरलेल्या असतात : झाडे कोसळली, वीज गुल झाली, घरांवरचे टिन उडाले. मग तलाठी पंचनामा करतात, मदत जाहीर होते आणि वाकलेले टिन ठोकून सरळ करून पुन्हा तसेच छपरावर चढवले जाते. दरवर्षीच्या या नुकसानीत निसर्गापेक्षा आपल्या हलगर्जीचा वाटा मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पारडी, वाठोडा, हुडकेश्वरकडच्या वस्त्यांत किंवा कामठी-हिंगण्याच्या खेड्यांत छपरांकडे नीट पाहा. बल्ल्यांवर टिन टाकलेले, कुठे तार आवळलेली आणि वर विटा, दगड, जुने टायर. वादळ टिनाला वरून दाबत नाही, वर खेचते. हवामान विभाग ज्याला ताशी ५० ते ६० किलोमीटरचा सोसाट्याचा वारा म्हणतो, तेवढ्यानेही दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद टिनावर सुमारे अर्ध्या क्विंटलची ओढ बसू शकते. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना ती आणखी जास्त असते. त्या टिनाचे स्वतःचे वजन पंधरा किलोच्या आसपास. चार-सहा विटांनी हा हिशेब जुळत नाही. उलट टिन उचलले गेले की त्याच विटा खाली झोपलेल्या लेकराच्या अंगावर येतात. भारतीय मानक ८७५ नुसार नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरायचा असतो. मुंबईसाठीही हाच आकडा आहे. ‘आपल्याकडे कुठे चक्रीवादळ येते’ असे म्हणून हात झटकता येणार नाहीत.

यात दोष पोलादी पत्र्याचा नाही. अमेरिकेतील फ्लोरिडात चक्रीवादळाचा इशारा आला की लोक असेच नालीदार पोलादी किंवा ॲल्युमिनियमचे पत्रे खिडक्यांवर लावून घर वाचवतात. खिडकी फुटली की वारा आत घुसतो आणि छपराला आतून वर ढकलतो, म्हणून ही काळजी. ते पत्रे भिंतीत आधीच पक्क्या बसवलेल्या बोल्टांवर आवळले जातात. ऑगस्ट १९९२ च्या ‘अँड्र्यू’ वादळाने तिथली कच्ची बांधकामे उघडी पाडली, आणि २००२ पासून संपूर्ण राज्याला एकच कडक बांधकाम संहिता लागू झाली. आपल्या कोकणात जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीत छपरे उडवली. त्यातून विदर्भाने काय घेतले?

टिन टिकवण्याचे काम कोणत्याही वेल्डिंगवाल्याला समजते. टिन खालच्या पाइपाला किंवा अँगलला ‘J’ आकाराच्या बोल्टने, वायसर घालून आवळायचे. कडेच्या ओळीत बोल्ट जवळजवळ घ्यायचे. आणि तो पाइप भिंतीत पट्टीने जखडायचा, नाहीतर टिनासकट सांगाडाच उडतो. वादळ आले की वाऱ्याच्या बाजूची दारे-खिडक्या बंद ठेवायच्या.

अकोला जिल्ह्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ रोजी मंदिराच्या टिनशेडवर कडुनिंबाचे झाड कोसळून सात भाविक गेले. तिथे बोल्ट कामी आले नसते, हे खरे. पण वादळात लोक अशाच शेडकडे धावतात, म्हणून मंदिरे, शाळा, आठवडी बाजार यांच्या शेडची आणि शेजारच्या झाडांची तपासणी उन्हाळ्याच्या तोंडावर व्हायलाच हवी.

‘सगळ्यांना स्लॅबची घरे द्या’ असे कोणी म्हणेल. जरूर द्या. पण ती मिळेपर्यंत हजारो कुटुंबे टिनाखालीच राहणार आहेत, त्यांना तोवर वाऱ्यावर सोडायचे का? भाड्याच्या किंवा पट्टा नसलेल्या जागेवरचा माणूस छपरावर पैसा घालायला कचरतो, म्हणूनच पुढाकार शासनाने घ्यावा. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या कच्च्या घराला ४ हजार रुपये आहेत. ही रक्कम टिन उडाल्यावर मिळते. त्यातला थोडा भाग राज्याने स्वतःच्या निधीतून आधीच बोल्ट, पट्ट्या आणि मजुरीवर खर्च केला, तर कित्येक पंचनामे टळतील.

महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास आणि जिल्हा परिषद यांच्याकडे माझी मागणी आहे : टिनाचे छप्पर असलेल्या घरकुलाचा शेवटचा हप्ता छपराची बांधणी तपासूनच द्यावा, आयटीआयच्या वेल्डर आणि फिटर विद्यार्थ्यांकडून मार्चमध्ये वस्तीवार छप्पर-दुरुस्तीची मोहीम घ्यावी, आणि मदतीच्या रकमेबरोबर बोल्ट-पट्ट्यांचा संच द्यावा. येत्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि पुढच्या उन्हाळ्याआधी किती छपरे पक्की केली, याचा हिशेब नागपूरकरांपुढे मांडावा.

— एक निवृत्त अभियंता, मानेवाडा, नागपूर