तिसऱ्या अपत्याची शिक्षा आणि बक्षीस

एकूण जननदर म्हणजे सध्याचे वयोगटनिहाय जन्मप्रमाण कायम राहिल्यास एका स्त्रीला तिच्या प्रजननक्षम वयात सरासरी जितकी अपत्ये होतील ती संख्या. महाराष्ट्रात हा दर १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.९ होता, २००५-०६ मध्ये तो २.१ वर आला आणि २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात १.७ पर्यंत उतरला. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या अहवालात तर राज्याचा आकडा १.५ आहे. स्थलांतर वगळता एका पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढण्यासाठी सुमारे २.१ हा दर लागतो, त्यास प्रतिस्थापन पातळी म्हणतात. ही पातळी ओलांडून राज्य खाली आले त्याला आता दीड दशकाहून अधिक काळ लोटला आहे, आणि ही घसरण केवळ मुंबई-पुण्याची नाही, कारण त्याच पाचव्या सर्वेक्षणात ग्रामीण महाराष्ट्राचा दरही १.९, म्हणजे प्रतिस्थापन पातळीच्या खालीच आहे.

या पार्श्वभूमीवर ‘अधिक मुले जन्माला घाला’ असे सांगणारे आवाज देशात वाढू लागले आहेत. सिक्कीम सरकारने २०२३ मध्ये दुसऱ्या अपत्यासाठी एक आणि तिसऱ्यासाठी दोन वेतनवाढी महिला कर्मचाऱ्यांना देऊ केल्या. आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीसाठीची दोन अपत्यांची अट विधिमंडळात रद्द केली. पुढच्याच महिन्याच्या पहिल्या दिवशी नागपुरात एका कुलसंमेलनात बोलताना राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांनी, जननदर २.१ च्या खाली गेलेला समाज नष्ट होतो, तेव्हा दोनपेक्षा अधिक, तीन अपत्ये असावीत, असे मत मांडले. दक्षिणेतील मुख्यमंत्र्यांच्या काळजीचे कारण वेगळे आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने गोठवलेले आणि २००१ च्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तसेच ठेवलेले लोकसभेच्या जागांचे राज्यनिहाय वाटप खुले झाले, तर ज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचेच संसदेतील वजन घटेल, ही ती भीती आहे. एकाला समाजाची चिंता आहे, दुसऱ्याला जागांची. अपत्य ज्या घरात वाढायचे त्या घराचा हिशेब मात्र दोघांच्याही भाषणात क्वचित येतो.

महाराष्ट्राची अडचण याहून विचित्र आहे. येथे अपत्यवाढीला उत्तेजन देण्याचा प्रश्न येण्यापूर्वीच तिसऱ्या अपत्याला दंड करणारे कायदे उभे आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील, वणी तालुक्यातील राजूर हे गाव घेतले तर ही गोष्ट स्पष्ट होते. जनगणनेच्या लेखी राजूर शहर असले तरी त्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे, आणि ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मधील तरतुदीनुसार १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे जिच्या अपत्यांची संख्या दोनहून अधिक झाली, ती व्यक्ती सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरते. पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांनाही अशीच अट लागू आहे. शासकीय नोकरीत शिरू पाहणाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन) नियम, २००५ यांनुसार दोनहून अधिक अपत्ये नसल्याचे प्रतिज्ञापन द्यावे लागते. २८ मार्च २००६ नंतरचे तिसरे अपत्य शिपाईपदापासून वर्ग एकच्या पदापर्यंत सर्व दारे बंद करते. अशा अटी घटनाबाह्य नाहीत असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जावेद विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात दिला, आणि तिसरे मूल दत्तक दिले तरी अपात्रता टळत नाही, असे ओडिशातील एका आदिवासी सरपंचाच्या प्रकरणात २०१८ मध्ये ठरवले. ग्रामपंचायतीचा सदस्य होऊ न शकणारा मनुष्य आमदार किंवा खासदार मात्र होऊ शकतो, कारण विधानसभा आणि लोकसभेला ही अट नाही. कायदा करणाऱ्यांनी तो स्वतःला लावून घेतला नाही, एवढे नमूद करून पुढे जाणे बरे.

दंड निवडणूक आणि नोकरी यांपुरता थांबत नाही, तो कल्याणकारी योजनांतही शिरला आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी असलेली राज्याची ‘लेक लाडकी’ योजना पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबातील मुलीला टप्प्याटप्प्याने एकूण एक लाख एक हजार रुपये देते. परंतु दुसऱ्या प्रसूतीनंतर आई किंवा वडिलांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करणे ही तिची अट आहे. म्हणजे भविष्यात कधी तिसऱ्या अपत्यासाठी प्रोत्साहन द्यायचे ठरलेच, तर त्याच गरीब आईला शासनाने आधी नसबंदीसाठी पैसे दिलेले असतील.

या विसंगतीची मुळे जुनी आहेत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून तो विचार चालवला, तेव्हा अपत्य किती आणि केव्हा हे ठरवण्याचा अधिकार, विशेषतः स्त्रीचा, हा त्यांच्या मांडणीचा पाया होता. अर्ध्या शतकानंतर हाच विषय शासनाच्या हाती गेला, तेव्हा अधिकाराचे रूपांतर हुकमात झाले. आणीबाणीत, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर सक्तीची नसबंदी करणारे विधेयक संमत केले. असे विधेयक संमत करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, हे नशीब. पण अपत्यसंख्या हा शासनाने दंड किंवा दाम देऊन हलवायचा आकडा आहे, ही समजूत त्या विधेयकाबरोबर गेली नाही. २००१ आणि २००५ च्या अटी त्याच समजुतीतून आल्या, आणि आज तिसऱ्या अपत्याला बक्षीस मागणारेही नेमके तेच गृहीत धरतात; बदलली आहे ती फक्त आकडा ढकलण्याची दिशा.

बक्षिसाने काय साधते, याचा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे. १९४१ मध्ये एक लाख चौदा हजारांहून अधिक असलेली भारतातील पारशी लोकसंख्या २००१ मध्ये ६९,६०१ आणि २०११ मध्ये ५७,२६४ झाली, आणि त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक पारशी महाराष्ट्रात, मुख्यतः मुंबईत राहतात. केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने २०१३ मध्ये ‘जिओ पारसी’ योजना सुरू केली आणि वंध्यत्वावरील उपचारांचा खर्च देणे व तरुणांना विवाह-अपत्याकडे वळवणारा प्रचार करणे अशी दोन कामे हाती घेतली. प्रचाराच्या पहिल्या जाहिरातींवर समाजातूनच टीका झाली, कारण अविवाहित राहिलेल्यांना आणि एकाच मुलावर थांबलेल्यांना त्या टोमणे मारत होत्या. पुढे योजनेला तिसरा भाग जोडला गेला, मुलांच्या सांभाळासाठी आणि घरातील वृद्धांच्या देखभालीसाठी आर्थिक मदतीचा, आणि हा बदल योजनेनेच स्वतःविषयी दिलेली साक्ष मानायला हवी: ज्या घरात आजी-आजोबांची काळजी घ्यायला माणूस नाही, तेथे पाळणा हलत नाही. दहा वर्षांत या योजनेतून चारशेच्या आसपास मुले जन्माला आली. ज्या जोडप्यांना मूल हवे होते पण उपचार परवडत नव्हते, त्यांच्यासाठी ही रक्कम मोलाची ठरली. समाजाची घसरण मात्र तिने थांबली नाही, कारण घसरणीची मुळे न झालेल्या व उशिरा झालेल्या विवाहांत, परदेशगमनात आणि समाजाबाहेर लग्न केलेल्या स्त्रीच्या मुलांना पारशी न मानण्याच्या प्रथेत आहेत, आणि त्यांतल्या कशालाच उपचारांच्या अनुदानाने हात लागत नाही.

परदेशांतील अनुभव याहून वेगळा नाही. सिंगापूरने १९७२ पासून ‘दोनवर थांबा’ म्हटले, १९८७ मध्ये ‘परवडत असेल तर तीन किंवा अधिक’ असे घोषवाक्य दिले आणि त्यामागे कर-सवलती व रोख रक्कम उभी केली, तरी २०२३ मध्ये तेथील जननदर एकाच्याही खाली गेला. दक्षिण कोरियाने २००६ पासून दोनशे अब्ज डॉलरांहून अधिक खर्च केला आणि २०२३ मध्ये ०.७२ हा आकडा पाहिला. २०२४ मध्ये तो ०.७५ झाला याचाही तेथे आनंद मानला गेला.

तथापि कोरियाची तुलना महाराष्ट्राशी, त्यातही यवतमाळसारख्या जिल्ह्याशी, जशीच्या तशी करता येत नाही, आणि येथील चर्चेत हा भेद बहुधा निसटतो. कोरियात जननदर खाली आला तो लग्नच उशिरा होते किंवा होत नाही म्हणून. महाराष्ट्रात पाचव्या सर्वेक्षणानुसार वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते, आणि कुटुंबनियोजनाच्या साधनांत स्त्री-नसबंदीचा वाटा इतका मोठा आहे की निम्म्याच्या जवळपास विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुष-नसबंदी अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. म्हणजे येथील ग्रामीण स्त्री लवकर लग्न करते, लवकर दोन मुले जन्माला घालते आणि बहुतेकदा तिशीच्या आतच ‘ऑपरेशन’ करून मोकळी होते. कमी जननदरामागे येथे करिअरची निवड नाही, कायमचे थांबण्याची घाई आहे. तिसऱ्या अपत्याचे कोणतेही बक्षीस या स्त्रीपर्यंत पोहोचणार नाही, कारण तो मार्ग शस्त्रक्रियेने आधीच बंद झाला आहे; आणि शस्त्रक्रियेच्या आधीच्या मोजक्या वर्षांत ते पोहोचलेच, तर ते विशीतल्या, बहुधा रक्तक्षय असलेल्या मुलीला आणखी एका बाळंतपणात ढकलील.

जेथे लग्नच अडले आहे ती बाजू वेगळी. कोरडवाहू कापसाच्या शेतीवर असलेल्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही विदर्भातील घराघरातली तक्रार आहे. तिच्यामागे शेतीची अवस्था आहे तसेच गर्भलिंगनिदानही आहे: शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ मध्ये ९१३ होती ती २०११ मध्ये ८९४ झाली, आणि त्या वेळी जन्मालाच येऊ न दिलेल्या मुली आज लग्नाच्या वयाच्या असत्या. मुलगी नको म्हणणाऱ्या समाजाने पुढे माता कमी पडल्याचे नवल करू नये.

लग्न होऊन मूल झाल्यावर ते वाढवणे परवडते का, हा प्रश्न राजूरच्या अर्थकारणात स्पष्ट दिसतो. ‘राजूर कॉलरी’ या नावाने ओळखले जाणारे हे गाव कोळशाच्या खाणींवर आणि चुनाभट्ट्यांवर वाढले. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर या पट्ट्यातील खाणी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे, म्हणजे वेकोलिकडे आल्या. खाणकामगार स्त्रीला बाळंतपणाचा लाभ देणारा कायदा देशात १९४१ मध्येच, सर्वसाधारण कायद्याच्या वीस वर्षे आधी झाला होता. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने तो लाभ व्यापक केला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली; तिसऱ्यासाठी ती बाराच आठवडे राहिली, म्हणजे दंडाची खूण केंद्राच्या कायद्यातही आहे. पण मधल्या काळात कामच बदलले. माती काढणे, वाहतूक, भराई ही कामे मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडे गेली, आणि ज्याच्या कामाला सलगता नाही त्याला कायम कामगाराचे घर, दवाखाना आणि भविष्यनिर्वाह निधी यांतले थोडेच मिळते. प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ऐंशी दिवस काम केल्याची नोंद असल्याशिवाय प्रसूती लाभ मिळत नाही, आणि भट्टीवर जोडीने काम करणाऱ्या मजुरांत हजेरी बहुधा नवऱ्याच्या नावावर लागते. अशा स्त्रीला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात, दुसऱ्यासाठी सहा हजार, तेही दुसरी मुलगी असेल तरच. दोन-तीन आठवड्यांची मजुरी बुडाली की ही रक्कम संपते.

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे अशी अट २०१७ च्या दुरुस्तीने घातली. कंत्राटाचे तुकडे पाडले की पन्नासचा आकडा कोणाकडेच भरत नाही. अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसातले काही तास सांभाळते, तीन वर्षांखालच्या मुलाला सांभाळण्याची तिच्यात सहसा सोय नसते, आणि नेमकी हीच तीन वर्षे आईच्या मजुरीवर सर्वांत भारी पडतात.

वृद्धांचे प्रमाण वाढणार, काम करणारे हात घटणार, ही चिंता खोटी नाही. परंतु आज झालेला जन्म वीस वर्षांनी कामाला येतो, आणि तोवर या खाणपट्ट्याची गरज भागवणारे मजूर पूर्वीप्रमाणेच इतर प्रांतांतून येतील. जननदर पुन्हा २.१ वर नेण्याची जिद्द धरण्यापेक्षा, ज्यांना मूल हवे आहे त्यांना ते परवडावे आणि ज्यांना नको त्यांच्यावर दडपण नसावे, एवढेच उद्दिष्ट शासनाच्या आवाक्यातले आहे. कोणत्या समाजाने किती मुले जन्माला घालावीत या हिशेबात तर शासनाने पडूच नये.

त्यासाठी पहिले काम खर्चाचे नाही, खोडण्याचे आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद व नगरपालिका कायद्यांतील दोन अपत्यांची अपात्रता, २००५ चे प्रतिज्ञापनाचे नियम आणि ‘लेक लाडकी’मधील शस्त्रक्रियेची अट विधिमंडळाने व शासनाने रद्द करावीत. आंध्रने निवडणुकीची अट एका अधिवेशनात रद्द केली, महाराष्ट्रालाही त्याहून अधिक वेळ लागण्याचे कारण नाही. त्यानंतर पैसा द्यायचाच असेल तर तो तिसऱ्या अपत्याच्या बक्षिसाला न देता, कंत्राटी मजूर स्त्रीच्या हजेरीला आणि खाण-भट्टीच्या परिसरातील तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरांना द्यावा, आणि वणी तालुक्यातील लोकप्रतिनिधींनी ही मागणी येत्या अर्थसंकल्पापूर्वी लेखी मांडावी.