मोठी चाके, चुकीचे मैल

अमेरिकेत पिकअप ट्रकला ३१ इंचांऐवजी ३३ इंच व्यासाचे टायर बसविण्याची हौस फार. हौसेला मोल नसते. पण मग गाडी इंधन पिते, अशी तक्रार सुरू होते. ती सर्वस्वी खरी नव्हे. मोठे चाक एका फेऱ्यात सुमारे साडेसहा टक्के अधिक अंतर कापते. अंतरमापक मात्र जुन्याच परिघाने मोजतो. त्याने ३०० मैल दाखविले, तेव्हा गाडी सुमारे ३१९ मैल धावलेली असते. २० गॅलन जळाले असल्यास सरासरी १५ नव्हे, जवळपास १६ पडते. उरलेली घट खरीच: टायरांचे वजन, रस्त्याशी वाढलेले घर्षण, उंचावलेल्या गाडीला वाऱ्याचा अडथळा. वेगमापकही तसाच फसवतो. काटा ६० वर असताना वेग ६४ च्या घरात असतो, आणि सोबत कुटुंब असते. मापक आधी नव्या व्यासाशी जुळवून घ्यावा. इंधनाचा हिशेब मागाहून.