लिहायला शिकायला एमए कशाला?

‘लिहिणं ही काय शिकवायची गोष्ट आहे?’ असं घरचे म्हणतीलच. गाण्याला गुरू चालतो, चित्रकलेला जेजे चालतं; मग लिखाणानंच काय घोडं मारलंय? इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० मध्ये सर्जनशील लेखनाचं एमए सुरू झालं. तिथे शिकलेल्या काझुओ इशिगुरोंना २०१७ चं नोबेल मिळालं. अर्थात, नुसत्या पदवीनं कुणी लेखक होत नाही. अशा वर्गात मिळते ती लिखाण द्यायची ठरलेली तारीख आणि ‘हे पान जमलं नाही’ असं तोंडावर सांगणारे वाचक. म्हणून कर्ज काढून फी भरण्याआधी एवढं करून बघा: चार मित्र जमवा, महिन्याला प्रत्येकाची एक कथा, उगाच वाहवा बंद. सहा महिने टिकलात, तर खुशाल अर्ज भरा!