सर्व्हिसनंतरची जीप

गाडी गॅरेजला जाताना ठीक होती आणि परत आल्यावर बिघडली, ही तक्रार घरोघरी ऐकायला मिळते. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो मिस्त्रीने लुबाडलं, दुसरा म्हणतो गाडीच विकून टाका. यंदा आमच्या सासरीही तेच झालं.

मंडणगडकडे आमचं गाव. थोरल्या दिरांकडे, म्हणजे भाईजानकडे, महिंद्राची जुनी फोर-व्हील जीप आहे, प्यूजो डिझेल इंजिनची. आंब्याच्या दिवसांत डोंगरावरच्या बागेतून पेट्या खाली आणायला दुसरं वाहन त्या वाटेवर चढतच नाही. म्हणून हंगामाआधी सर्व्हिसला दिली. ऑइल बदललं, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, सगळं नवीन. संध्याकाळी आणून अंगणात लावली तोवर छान चालली.

सकाळी सेल्फ मारमारून बॅटरी उतरायची वेळ आली तेव्हा कुठे इंजिनाने धरलं. पांढरा धूर, थरथर, आणि पहिल्याच चढावर गचके देऊन बंद. गॅरेजवाल्याने येऊन पाहिलं आणि म्हणाला, "पंप गेलाय. शहरात पाठवावा लागेल." खर्च ऐकून भाभीजाननी कानातले काढून कपाटातल्या डबीत ठेवले, मोडायला न्यायचे म्हणून. पेट्या भरून पडवीत उभ्या होत्या, आणि पिकायला लागलेला आंबा कोणाच्या पंपासाठी थांबत नाही.

शेजारी एक चाचा राहतात, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी एकच विचारलं, "सर्व्हिसमध्ये हात कुठे कुठे लागला?" मला तो प्रश्न फार आवडला. काल चालणारी गाडी आज चालत नाही, तर मधे जिथे पाना फिरला तिथून शोध सुरू करायचा. योगायोगाने त्याच दिवशी दुसरं काही बिघडू शकतं, नाही असं नाही; पण तो विचार नंतरचा.

मी भाषा शिकवणारी बाई, तरी त्यांनी सांगितलेलं मला समजलं, म्हणून तुम्हालाही समजेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीसेक पटीने दाबली की ती इतकी तापते की नोझलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. त्यासाठी पंप डिझेलला प्रचंड दाब देतो, टायरमधल्या हवेच्या पन्नासपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त. आता इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरा, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा: हलत नाही. आत हवा ठेवून दाबा: सहज आत जातो. डिझेलच्या नळीत हवा शिरली की पंपाची सगळी मेहनत त्या बुडबुड्याला दाबण्यातच जाते, नोझल उघडतच नाही. मिस्त्री लोक म्हणतात, "गाडीने एअर धरलाय."

खरी गंमत पुढे आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी डिझेल ओढून घेते. तिथे फट असली तर डिझेल बाहेर ठिबकेलच असं नाही, हवा मात्र आत शिरते. खाली डाग नाही, म्हणून कोणाला शंका येत नाही. रात्री गाडी उभी असताना त्याच फटीतून हवा येते, डिझेल टाकीकडे उतरतं, आणि सकाळी सेल्फ रडतो.

चाचांनी टाकीची नळी काढली आणि डिझेलचा छोटा कॅन वर टांगून त्यातून थेट फीड पंपाला डिझेल दिलं. आतली हवा काढल्यावर इंजिन अर्धा तास एका लयीत चाललं. म्हणजे पंप शाबूत! मग टाकीची नळी परत जोडून, गाळ साचण्याच्या वाटीच्या पुढे हातभर पारदर्शक नळी लावली. सोड्यासारखे बुडबुडे. वाटीच्या अलीकडे लावली, एकही नाही. वाटी उघडली तर आतलं रबरी रिंग चपटं आणि कडक झालेलं. वाटी धुऊन जुनंच रिंग परत बसवलं होतं.

गॅरेजवाल्याने दोष लगेच तिथल्या पोऱ्यावर टाकला आणि त्याचा पगार कापायची भाषा केली. तो आमच्याच शाळेतून दहावी झालेला, आता एकोणीस वर्षांचा. तो इतकंच म्हणाला, "वाटी धू म्हटलं, धुतली. रिंग बदलायचं कोणी सांगितलं नाही, डब्यात नवीन नव्हतंही." मला विचाराल तर त्याचं खरं होतं. दोन वर्षं हाताखाली ठेवून "बघ आणि शिक" एवढंच सांगायचं, आणि चुकलं की कान धरायचा, हे शिकवणं नव्हे. भाईजान पैशांवरून भांडले नाहीत. त्यांनी अट घातली, नवीन रिंग त्याच मुलाने बसवायचं, चाचा शेजारी उभे राहतील, आणि पगाराला हात लागणार नाही. गॅरेजवाला कुरकुरला, पण मान्य केलं. त्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, फेस संपून स्वच्छ डिझेल येईतो हँडपंप मारला आणि स्क्रू आवळला. भाभीजानच्या डबीतले कानातले परत कानांत आले.

तुमच्या घरी अशी जुनी डिझेल गाडी असेल तर सर्व्हिसला देताना सांगा की काढलेले जुने फिल्टर, वायसर, रिंग पिशवीत घालून परत द्या. पिशवीत फिल्टर आहे पण वायसर नाही, तर तिथेच विचारता येतं. आणि जमलं तर गाडी एक रात्र गॅरेजमध्येच राहू द्या, सकाळी थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू होऊ दे, मग पैसे द्या. गरम इंजिन तर कसंही सुरू होतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. नोझलच्या नळ्यांतला दाब कातडी भेदून डिझेल आत घुसवतो. तसं झालं तर जखम कितीही लहान दिसो, लगेच दवाखाना गाठायचा. नव्या कॉमन रेल गाड्यांत हा दाब कित्येक पट जास्त असतो, तिथे घरच्या पान्याने नट सैल करण्याचा विचारही नको.