परमुलखांतील लग्नाचें बोलावणें

केडगांवच्या एका परिचित घरांत गेल्या महिन्यांत बरीच भवति न भवति झाली. त्या घरचे चिरंजीव नोकरीनिमित्त जपानांत असतात. कचेरींतील सोबत्याच्या लग्नास ते गेले व तेथला फोटो त्यांनीं घरीं धाडला. अंगांत काळा पोषाख! मातोश्रींच्या मनास तें फार लागलें. मंगल कार्यास काळें वस्त्र, आणि भोवतीं मद्याचे पेले! 'पुढचें बोलावणें येईल तेव्हां काम आहे म्हणून कळव,' असा वडील मंडळींचा निरोप गेला. आमचें मत विचारलें गेलें. तें आम्ही येथें देतों, कारण अशीं मुलें आतां घरोघर आहेत.

काळ्या वस्त्राचा उलगडा सोपा आहे. लग्नास जाणाऱ्या पुरुषानें काळा सूट व पांढरा टाय घालावा, हा तिकडचा शिष्टाचारच होय. पांढरें वस्त्र मात्र पाहुण्या स्त्रीनें घालूं नये. तो रंग वधूचा.

परंतु याहून पुढें पाहिलें तर आपल्याच घरीं आल्यासारखें वाटतें. आपण शंभराचा आहेर एकशें एक करतों. तेथें स्नेह्यानें बहुधा तीस हजार येन द्यावयाचे, म्हणजे दहा हजारांच्या तीन नोटा; दोन दिल्या तर त्या दोघांत सारख्या वांटल्या जातात, आणि चार या संख्येचा एक उच्चार मृत्युवाचक शब्दासारखा होतो. नोटा कोऱ्या हव्यात. पाकिटावरील दोऱ्याची गांठ अशी असते कीं ती सहज सुटूं नये. निमंत्रणासोबत उत्तराचें कार्ड येतें. त्यावर पाहुण्याच्या नांवाआधीं छापलेलें आदरार्थी अक्षर पाहुण्यानें स्वतः खोडावयाचें. आपणही पत्राखालीं सही करतांना स्वतःस 'रा. रा.' लावीत नाहीं!

आणि भाषेचा संकोच तर थेट आपला. आपल्याकडे बांगडी फुटत नाहीं, ती 'वाढते', नारळ 'वाढवितात', दुकानही बंद न करतां 'वाढवितात', निघतांना 'येतों' म्हणावें. जपानी लग्नांत कापणें, तुटणें, संपणें हे शब्द वर्ज्य. केक कापतांना 'सुरी आंत घालीत आहेत' असें सांगतात, आणि मेजवानी संपली न म्हणतां 'ओहिराकी' म्हणतात, म्हणजे उघडणें. ज्या लोकांस शब्दांतील अमंगळाची इतकी धास्ती, त्यांच्या मांडवांत आपला मुलगा परका कसा?

मद्याविषयीं. शिंतो विधींत वधूवर तीन पेल्यांतून तीन तीन घोट साके घेतात. (ही रीति पुरातन म्हणून दाखवितात खरी, पण देवळांतील असें लग्न रूढ झालें तें १९०० सालीं तेथील युवराजांच्या विवाहानंतर.) विधीस बहुधा आप्तच असतात. स्नेही मेजवानीस येतात, आणि तेथें फळांचा रस मागणाऱ्यास कोणी हंसत नाहीं.

परमुलखांत वावरून आपला आहार राखतां येतो, याचा दाखला केडगांवकरांस दूर शोधावयास नको. पुढें येथें मुक्ति मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. धर्मांतराविषयीं आमचें मत निराळें असो. पण धर्म पालटला तरी त्यांनीं शाकाहार सोडला नाहीं. त्याच रमाबाई, आप्तसंबंधी डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास, ११ मार्च १८८६ रोजीं, समुद्र ओलांडून फिलाडेल्फियास हजर होत्या.

तेव्हां मुलानें जावें. एकट्यानें खोलींत दिवस काढणाऱ्यास कोणी आपल्या घरच्या आनंदांत मोजून जागा देतो, ती नाकारण्यांत कोणता धर्म राहतो? 'मोजून' हा शब्द आम्ही हेतुतः योजला. तेथें प्रत्येकाच्या नांवाची खुर्ची मांडलेली असते. आपलें 'बघूं, जमलें तर येतों' तेथें चालत नाहीं. होकार देऊन न गेल्यास ती खुर्ची सर्वांदेखत रिकामी राहते.

भोजनाचें उत्तरासोबतच कळवावें. 'मांस नको' एवढ्यानें भागत नाहीं. तेथील सारांत बहुधा वाळलेल्या माशांचा अर्क असतो, तो वेगळा सांगावा. बौद्ध मठांतील निरामिष जेवणास 'शोजिन र्‍योरी' म्हणतात. तेवढें नांव सांगितलें तरी वाढणाऱ्यांस काय हवें तें समजतें.